चतुराबाईची थंडी

शिरड शहापूरच्या भीमनगरात कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली की शेजारीण आधी रस्त्याकडं बघायची आणि मग हळूच सांगायची, "काढ गं, बाई येऊन राहिल्या." बाई म्हणजे अंगणवाडीची चतुराबाई. अंगानं काडी, उंचीनं जेमतेम, पण तोंड असं की चांगले मिशीवाले गडी रस्ता बदलून जात. लेकरांची वजनं करता करता ती आयांचीही झडती घ्यायची. कुणाच्या दंडाला गंडा, कुणाच्या कमरेला ताईत, कुणी तापलेलं लेकरू दवाखान्याऐवजी भगताकडं नेलं, सगळं तिच्या नजरेत भरायचं आणि लगेच जिभेवर यायचं. विहारातल्या महिला मंडळाची ती सचिव होती. बावीस प्रतिज्ञा तिला अशा पाठ, की झोपेतून उठवून मधलीच विचारली तरी अडखळली नसती.

अशा बाईला लोक मानतात, भितातही. पण मनातलं काही सांगायला तिच्याकडं कुणी जात नाही. हे तिला ग्यानोबानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सांगायला हरकत नव्हती. पण ग्यानोबा गवंडी माणूस. दिवसभर ओळंबा धरून विटेवर वीट ठेवावी आणि घरी येऊन गप बसावं, हा त्याचा स्वभाव. संसारातला बोलण्याचा सगळा वाटा बायकोनं उचलला होता आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती. एक मुलगी, पल्लवी. ती आईसारखी बोलकी आणि बापासारखी सरळ निघाली.

एक गोष्ट चतुराबाई वारंवार सांगायची. हिंगोली जिल्हा व्हायचा होता तेव्हाची, परभणीच जिल्हा होता तेव्हाची. मागच्या आळीतल्या बेबीबाईच्या पोराला मुदतीचा ताप भरला होता. बेबीबाई मजूर बाई, दिवसाच्या रोजंदारीवर जगणारी. तिनं काय करावं? पौषातल्या पहाटे ओढ्याचं पाणी अंगावर घेतलं, पोराला महादेवाच्या पारावर पोत्यावर निजवलं आणि ओलेत्यानं देवळाभोवती फिरायला लागली. चतुराबाईला कळलं तशी ती पळत गेली. पोराला उचललं, आपल्या अंगावरची नवी शाल काढून त्याला गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं बेबीबाईचा दंड धरला. वसमतला जायची जीप यायला अवकाश होता. विहारात रविवारची वंदना चालू होती. चतुराबाईनं बेबीबाईला तशीच ओली आत नेली आणि सगळ्यांसमोर चटईवर उभी केली. मग जे काही सुनावलं, ते भीमनगरात पुढं कितीतरी वर्षं लोक एकमेकांना म्हणून दाखवत. बाबासाहेबांनी तुला माणूस केलं अन् तू दगडाभोवती फिरून राहिली, इथपासून सुरुवात होती. जीप आली, लेकरू वसमतच्या दवाखान्यात गेलं आणि बरं झालं.

"माही नवी शाल गेली, पण लेकरू वाचलं," असं म्हणून चतुराबाई ती गोष्ट संपवायची. आणि त्याला जोडून एक वाक्य ठरलेलं. "अन् बेबीबाई त्या दिवसापासून विहाराची पायरी चढली न्हाई. उपकाराची जाणच न्हाई लोकायला."

शालीचं तेवढं तिच्या पक्कं लक्षात होतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात चतुराबाईच्या मानेला गाठी आल्या. आधी तिनं मनावर घेतलं नाही; घशाला झालं असेल म्हणाली. मग अंगावरचं उतरायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी गाठीचा कॅन्सर सांगितला आणि पुढचे कितीतरी महिने सलाईन, उलट्या आणि गळणारे केस यांत गेले. या काळात ग्यानोबानं एक काम स्वतःकडं घेतलं. रोज उठून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडायच्या, बंब पेटवायचा आणि बायकोला आंघोळीला कढत पाणी काढून द्यायचं. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. बोलता तर येतच नव्हतं. पण पाणी असं तापवायचा की नुसता हात घातला तरी बाईला बरं वाटावं.

ती बरी झाली. केस परत आले, आवाज परत आला. गंडे-ताईत पुन्हा लपायला लागले. पण पुढच्या हिवाळ्यात नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदा पक्कं बघून घेऊ. हैदराबादला एक मोठी मशीन आहे, ती सगळ्या अंगाचा फोटो काढते. आधी साखरेसारखं औषध टोचतात. अंगात जिथं काही अधाशासारखं साखर खात असेल, तिथं ते औषध जमतं आणि फोटोत ती जागा उजळून दिसते. रोग असाच अधाशी असतो. फोटो साफ आला तर सुटलात. मानेत उजळलं तर पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून! चतुराबाई अंगणवाडीत सुकडी वाटताना, लेकरांना गाणं शिकवताना बोटांनी मान चाचपत राहायची. इतक्या जणींना धीर दिला होता तिनं, आता स्वतःला द्यायची वेळ आली तर खिसा रिकामा. आणि मागायचा कुणाकडं? लोकांकडं जायची तिला सवय नव्हती. लोक तिच्याकडं येत, ते तिची बोलणी ऐकून घ्यायला.

डिसेंबरात औंढ्याला अंगणवाडीवाल्यांची बैठक होती. जीप लवकर पोचली, साहेब यायला वेळ होता. चतुराबाईचे पाय नागनाथाच्या देवळाकडं वळले. आपण कोरीवकाम बघायला चाललोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. बायका अंगावर पाणी घेऊन ओलेत्यानं फिरत होत्या, त्यांच्यात कुणी ओळखीचं नाही हे तिनं आधी पाहून घेतलं. मग नळाखाली डोकं धरलं. आत पाऊल टाकायचं नाही, हे मात्र तिनं स्वतःला बजावलं होतं. बाहेरूनच फिरली. बाहेरून फिरलं की बाटत नाही, असा काही नियम कुठं लिहिलेला नाही, पण मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा तेही काही नियम वाचून पीत नाही. फोटो साफ येऊ दे, ती पुटपुटली. तोवर रोज पहाटे गार पाणी घेईन, ओलं अंगावरच वाळवीन, उबेचं काही अंगावर घेणार नाही. कुणाला म्हणाली, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. नवसाचे सगळे नियम मात्र तिला तोंडपाठ होते. इतकी वर्षं त्यांनाच तर ती शिव्या देत आली होती.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "बाई, भिजलात कशा?" नळ फुटला होता म्हणाली. आणि तिला लाज वाटली. पण नवस सोडला नाही.

घरी तर रोजची चोरी. ग्यानोबा बंब पेटवायचा, बादली मोरीत नेऊन ठेवायचा आणि बाहेर उभा राहायचा. चतुराबाई दार लावायची आणि ते कढत पाणी आवाज होऊ न देता मोरीत ओतून द्यायची. वाफ वर यायची, ती तोंडावर येऊ नये म्हणून मान वळवायची. हापशाचं पाणी थंडीत कोमट येतं, तेवढीही सवलत तिनं घेतली नाही. रांजणातलं रात्रभर निवलेलं पाणी अंगावर घ्यायची आणि ओल्या पोलक्यावर कोरडं लुगडं नेसायची.

"पाणी बराबर हाय का?" बाहेरून ग्यानोबा विचारायचा.

"व्हय, बराबर हाय," दातावर दात धरून ती म्हणायची.

नवऱ्यानं मायेनं तापवलेलं पाणी आपण गटारात सोडतोय, हे तिला समजत होतं. रोज लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा त्याच बादलीकडं जायचा. सांगायची सोय नव्हती. चतुराबाईनं नवस केला, हे भीमनगरात कळलं असतं तर तिनं तोंड कुठं लपवलं असतं?

जानेवारीत ती दोघं हैदराबादला गेली. लॉजच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी बर्फासारखं होतं. तेच तिनं पहाटे डोक्यावरून घेतलं. दवाखान्यात गेल्यावर पातळ झगा दिला, तो तिनं ओल्या पोलक्यावरच चढवला. टोचून झाल्यावर एका गार खोलीत खुर्चीवर बसवलं. तिथला पोरगेला माणूस चांगला होता. त्यानं जाड कांबळं आणून दिलं.

"ओढ लेव अम्मा. ठंडी नक्को लगने देव, फोटू खराब होता."

तो गेल्यावर चतुराबाईनं कांबळं घडी करून पायाशी ठेवलं. दात वाजत होते, खांदे आखडले होते. एवढं शेवटचं, मग सुटले, असं ती मनात म्हणत होती. आयुष्यभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलेली बाई, तिथं कांबळ्याकडं पाठ करून कुडकुडत बसली होती.

फोटो निघाला. दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. पडद्यावर चतुराबाईच्या अंगाची आकृती होती आणि तिच्या मानेच्या दोन्ही बाजू, खांद्यांच्या वरची जागा, पाठीच्या कण्याच्या कडा, सगळं उजळलं होतं. चतुराबाईनं तेवढंच पाहिलं. पुढचं ऐकू यायला तिला जरा वेळ लागला.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या की एवढ्यात घाबरू नका. काही लोकांच्या मानेत आणि खांद्यांशी एक वेगळी चरबी असते, तपकिरी रंगाची. ती साठवणीची नाही, जळणाची. थंडी वाजली की ती जळते आणि अंगाला ऊब देते. जळताना साखर खाते, म्हणून फोटोत उजळते.

"बीमारी भी ऐसेच चमकती, वो चरबी भी ऐसेच चमकती. इसलिए पूछ रई हूँ अम्मा. ठंडी लगी थी क्या? ठंडे पानी से नहाए क्या? सच बोलो."

चतुराबाईनं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी ग्यानोबा बोलला. एरवी डॉक्टरांपुढं हूं की चूं न करणारा माणूस. पण हा प्रश्न त्याच्या कामाचा होता. तो खुर्चीत पुढं सरकून अभिमानानं म्हणाला, "न्हाई न्हाई, मॅडम. इसकू रोज गरम पानी. मी सोता बंब पेटवतो. एक दिवस खाडा न्हाई."

आता काय बोलणार? ती नवऱ्याकडं बघू शकली नाही. टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाली, "न्हाई. थंडी न्हाई वाजली."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा विचारलं. चतुराबाई पुन्हा न्हाई म्हणाली. मग रोग परत आला असेल असं धरून चालायला हवं, मानेतला तुकडा काढून तपासावा लागेल, असं ठरलं. तसं नांदेडच्या डॉक्टरांना कळवलं गेलं. परतीच्या गाडीत ग्यानोबानं आपला मफलर काढून तिच्या मानेला गुंडाळला. गाडी हलत होती म्हणून ती रडते आहे हे त्याला दिसलं नसावं.

नांदेडला मान कापायची तारीख मिळाली. डॉक्टर म्हणाले, तुकड्यात निघालं तर या वेळचं औषध आणखी कडक असेल. घरात पुन्हा जुने दिवस आल्यासारखं झालं. पल्लवीनं बारावीची पुस्तकं उचलून फळीवर ठेवली आणि आईला सांगितलं, "मी यंदा परीक्षेला बसत नाही. तुझ्याजवळ कोण राहील?"

भीमनगरातल्या प्रत्येक पोरीच्या बापाशी शाळेवरून भांडलेली चतुराबाई यावर काही बोलली नाही. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. एक वाक्य बोललं की सुरी थांबण्यासारखी होती. अंगाला ऊब देऊन पुन्हा फोटो काढला तर कळलं असतं, रोग की थंडी. पण ते एक वाक्य बोलायचं म्हणजे आजवरची सगळी पुण्याई घालवायची. कधी वाटायचं, आता बोलावं. मग वाटायचं, कुणी सांगावं, रोगच असेल. उगाच अब्रूही जायची आणि जीवही. नवस तर संपला होता. आता ती ग्यानोबाच्या बंबाच्या पाण्यानं खरंच आंघोळ करत होती आणि ते ऊन पाणी पाठीवर पडलं की तिला हुंदका फुटायचा. इतकी स्वतःची किळस तिला कधी वाटली नव्हती.

नांदेडला निघायच्या आदल्या दुपारी मंडळातल्या बायका भेटायला आल्या. पल्लवी चहा करत होती, ग्यानोबा उंबऱ्यावर बसला होता. तेवढ्यात दारात बेबीबाई उभी राहिली. चौदा वर्षांत ती या घरी आली नव्हती. बायका सरकल्या, तिला जागा झाली, पण ती बसली नाही.

"जय भीम, बाई," ती म्हणाली. "उद्या तुमी नांदेडला जाऊन राहिल्या. म्या पहाटंच औंढ्याला जाते. तुमच्या नावानं ओलेत्यानं फिरते. तुमाला पटणार न्हाई, ठावं हाय. बऱ्या होऊन या, मंग काय बोलायचं ते बोला मला."

"बेबे, कुठं काय बोलावं कळतं का तुला?" एक बाई खेकसली.

"कळतं. म्हणून तर तोंडावर सांगून राहिले," बेबीबाई म्हणाली. "मागं चोरून करायचं न्हाई मला."

चोरून हा शब्द चतुराबाईला सहन झाला नाही. तिनं मानेचा मफलर सोडला, पुन्हा बांधला.

"जाऊ नको, बेबीबाई. म्या केलंय."

"काय केलंय?"

"ओलेतं. औंढ्याला. अन् मंग रोज घरात, गार पाण्यानं. हैदराबादलाबी. त्या डॉक्टरीणबाईनं मला इचारलं, थंडी वाजली का. दोनदा इचारलं. म्या न्हाई म्हणलं."

चुलीवर चहा उतू गेला तरी पल्लवीनं तो उतरवला नाही. सगळ्यांत आधी बोलला तो उंबऱ्यावर बसलेला ग्यानोबा.

"मंग मी तापवलेलं पाणी?"

"मोरीत ओतलं."

"रोज?"

"रोज."

ग्यानोबा उठला आणि अंगणात गेला. बंबाजवळ पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, नीटच होता, तो पाडून पुन्हा नीट रचायला लागला. घरातून त्याची पाठ दिसत होती. चतुराबाईला वाटलं, यानं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पल्लवी पुढं आली. "आई, तू मला परीक्षा सोडू देत होतीस?" ती म्हणाली. तिला राग आला होता आणि रडूही. "आधी नांदेडला फोन लावते. तुझ्याशी नंतर बोलते." आणि ती कोपऱ्यावरच्या एसटीडीवर पळाली.

मान कापायचं थांबलं. नांदेडच्या डॉक्टरांनी चतुराबाईला एसटीडीवर बोलावून फोनवर जे ऐकवलं, ते तिनं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं तर बंब पेटलेला होता. ग्यानोबानं बादली भरून मोरीत ठेवली. पण आज तो नेहमीच्या जागी न थांबता मोरीच्या दाराला लागून उभा राहिला, पाणी अंगावर पडतंय की जमिनीवर, ते ऐकत. त्यानं विचारलं काही नाही. चतुराबाईनं मुद्दाम तांब्याचा आवाज करत आंघोळ केली. स्वतःच्या नवऱ्याला आपल्या आंघोळीचा पुरावा द्यावा लागावा, याहून खाली बाईनं कुठं जायचं?

पुन्हा हैदराबाद. या वेळी बेबीबाईनं आपली वाकळ पाठवली होती. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली, उचलायला दोन हात लागतील अशी जड. गाडीत, लॉजवर, दवाखान्याच्या दारापर्यंत चतुराबाई त्या वाकळेत होती. डॉक्टरीणबाईंनी आधी चांगली झापली, मग खोलीतलं गार वारं बंद करायला लावलं, खोली उबदार करून घेतली, दोन कांबळी घातली. त्या पोरगेल्या माणसानं कांबळी स्वतःच्या हातानं चारी बाजूंनी खोचली आणि जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

दुपारी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात गळ्याभोवती उजेड. दुसऱ्यात मान, खांदे, सगळं शांत.

"कुछ नहीं है, अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वो बीमारी थीच नहीं. तुम्हारा बदन तुमको बचाने के वास्ते अंदर आग जला रहा था. और तुम लोगां उसकू बीमारी समझ के काटने चले थे."

ग्यानोबा त्या पहिल्या फोटोकडं कितीतरी वेळ बघत राहिला. घरातून निघाल्यापासून तो कामापुरतंही बोलला नव्हता. मग हळूच म्हणाला, "म्हंजे अंगातला बंबच की."

चतुराबाईला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ लाजेनं अंग आवळून आलं. बाहेरचा बंब ती मोरीत ओतत होती, म्हणून आतल्याला पेटावं लागलं होतं. त्या मुक्या मांसालाही तिची काळजी होती. तिनं मात्र आपलं नाव राखायला नवऱ्याला, मुलीला आणि त्या मांसालाही खोटं पाडलं.

गावात व्हायचं ते झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणत पारावरच्या म्हाताऱ्यांनी तंबाखू मळली. कुणी तोंडावर म्हणालं, "नागनाथ पावला म्हणायचा बाईला." एरवी या वाक्यावर चतुराबाईनं त्याची सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. आता ती खालच्या मानेनं पुढं गेली. पल्लवीनं पुस्तकं फळीवरून काढली होती, पण आईशी बोलताना अजून मोजकंच बोलत होती.

चतुराबाई वाकळ परत द्यायला बेबीबाईच्या घरी गेली. "रविवारी विहारात येशील का?" तिनं विचारलं.

"काहून?"

"ये एकडाव."

बेबीबाई आली. दाराजवळ, चपलांच्या जवळ बसली. वंदना झाली आणि जुन्या जाणत्या किसनरावांनी कुणाला काही बोलायचं आहे का म्हणून विचारलं, तशी चतुराबाई उठली. बोलायला उठली की ती समोर बुद्धमूर्तीजवळ जायची. आज तिथं गेली नाही. मधल्या चटईवर, जिथं तिनं चौदा वर्षांपूर्वी बेबीबाईला उभं केलं होतं, तिथं जाऊन उभी राहिली. मंडळाचं सचिवपण सोडल्याचं सांगितलं. आपण काय केलं ते सांगितलं, कुणाला ऐकायला कमी पडू नये एवढ्या मोठ्या आवाजात. मग बेबीबाईकडं वळली.

"बेबीबाई, तवा तू इथंच उभी व्हतीस. ओली. दात वाजत व्हते तुहे. म्या तुला पांघरूण न्हाई देलं, भाषण देलं. मला तवा वाटलं, तू दगडाला पूजून राहिली. आता माह्यावर आलं तवा कळलं, तू घाबरली व्हतीस. दवाखान्यात मी तुला कोरडी करून, पोटाशी धरूनबी नेऊ शकत व्हते. मला माफ कर."

विहारात सगळे बेबीबाईकडं बघायला लागले. ती अवघडली. पदर डोक्यावर पुढं ओढला.

"थंडीचं काय घेऊन बसल्या, बाई," ती म्हणाली. "ती कवाच गेली. अन् शाल तर तुमी माह्या लेकराला गुंडाळली व्हती, ते म्या इसरले न्हाई. पर ते तुमच्या खांद्यावरून पाहून राहिलं व्हतं. त्याच्या मायला काय काय बोललं, ते समदं त्यानं पाह्यलं."

इतकी वर्षं शालीची गोष्ट सांगणाऱ्या चतुराबाईला त्या शालीतले डोळे कधी आठवले नव्हते. ताप भरलेले, उघडे, आईवर लागलेले. ठरवून आणलेलं पुढचं बोलणं तिनं तिथंच सोडलं. ती चालत दाराशी गेली आणि चपलांजवळ, बेबीबाईच्या शेजारी खाली बसली. बेबीबाई तिच्यासाठी जरा सरकली.